वच्छीच्या हाडाचा निकाल

वच्छी गेली हे मला संपतच्या पोस्टकार्डानं कळलं. वर 'सप्रेम जयभीम', खाली चार ओळी, आणि कार्ड नागपूरला पोचेपर्यंत तिला जाऊन पाच दिवस झालेले. वच्छला माझी मावसबहीण, अकोल्याकडच्या किन्हीराजा गावची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. संपत तिचा थोरला भाऊ. छातीत कफ दाटला, जवळच्या मालेगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत... एवढंच त्यानं लिहिलं होतं. माझ्याबद्दल एक अक्षर वावगं नव्हतं. असतं तर बरं वाटलं असतं.

तीन-चार वर्षांची होईपर्यंत वच्छी चांगली वाढली, मग वाढायची थांबलीच जणू. छातीचं हाड पुढं आलं, मान आखूड, गुडघे आत वळलेले, मनगटं इतकी सैल की पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागे. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून. शाळेत बाकावर बसवायला मुली हात द्यायच्या, तर म्हणायची, "उचला वं पोरीहो, राणीले उचला!" बारा वर्षांची असताना ती जेमतेम पाच वर्षांची दिसायची. गावात कोणी म्हणे, आईला ग्रहण भोवलं. पण आमच्या घरांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच ग्रहण-बिहण सोडून दिलं होतं. मावशी त्यांना ठणकावून सांगे, "माह्या बहिणीची पोरगी नागपूरले हाडाचंच शिकून राह्यली. काय हाय ते थे सांगीन."

ती पोरगी म्हणजे मी. नागपुरात एका प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. आमचे सर वाढीच्या कूर्चेवर काम करत. लहान मुलांच्या हाडांच्या टोकाशी ही मऊ कूर्चा असते. तिच्यातल्या पेशी भाकरींच्या चवडीसारख्या एकीवर एक रचल्या जातात आणि त्यांच्या आधारानं हाड लांबत जातं. काही मुलांत पेशींतलं एखादं रसायन जन्मापासूनच कमी असतं. जे मोडून निघून जायचं ते आतच साचतं, चवड ढासळते, वाढ खुंटते. असा दोष पुष्कळदा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात तो जुळून येण्याचा संभव वाढतो. मावशीचं लग्न तिच्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालेलं. आमच्याकडे मामाची पोरगी हक्काची.

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात अकोल्याला वच्छीच्या कमरेच्या हाडाच्या कडेतून हरभऱ्याएवढा तुकडा काढला. बर्फात ठेवून तो मी नागपूरला न्यायचा होता. थर्मास बर्फानं भरला, सवयीनं फॉर्मालिनची बाटलीही पिशवीत टाकली. अमरावतीच्या स्टँडवर झाकण उघडून पाहिलं तर बर्फाचं पाणी झालेलं, तेही कोमट. समोरच सोडा-लेमनचं दुकान होतं. दोन पावलं चालून बर्फ मागायचा, बस्स. पण 'कायले पाह्यजे?' असं कुणी विचारलं तर बहिणीचं हाड आहे हे कसं सांगू, याची मला लाज वाटली. नासू नये म्हणून मी तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला. त्यात पेशींचा आकार टिकतो, पण आम्हाला करायची होती ती रसायनांची तपासणी कायमची हुकते. हे मला पाठ होतं. पुढं सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पेशी दिसल्या, ढासळलेल्या चवडी दिसल्या. आत काय साचलं होतं, ते कळायचा मार्ग मीच बंद केला होता. सर रागावले नाहीत. "त्या पोरीवर पुन्हा सुरी चालवायची नाही," एवढंच म्हणाले. मी किन्हीराजाला कळवलं, 'तपासणी चालू आहे.'

मग दर सुटीत वच्छी मला ओट्यावर गाठायची. "ताई, माह्या हाडाचा निकाल लागला काय वं? शाळेचा लागते, कोर्टाचा लागते. माह्याच कायले लागत नाही?" मी हसून म्हणायची, वेळ लागतो. एकदा खोटं बोललं की ते पोसावं लागतं. मी सात वर्षं पोसलं.

मधल्या काळात मामानं संपतसाठी आपल्या मुलीचं, सुमनचं, बोलणं काढलं. सगळ्यांना आनंद झाला. आडवी आली ती वच्छी. "ताईचा कागद येऊ द्या, मंग पाह्यजा," म्हणत तिनं वर्षभर घर थांबवून धरलं. सोळा वर्षांच्या, खुर्चीएवढ्या पोरीचं सगळ्यांनी ऐकलं, कारण माझ्या कागदावर त्यांचा भरवसा होता. शेवटी तिनं मला पत्र टाकलं... 'दादाच्या लेकराले माह्यावानी होईन काय? हो का नाही, एवढंच लिवजो.' मी उत्तर दिलं, नक्की सांगता येत नाही. शास्त्राच्या हिशेबी ते खरं होतं, पण ती शुद्ध पळवाट होती. कागद नसला तरी सावध करण्याइतकं मला नक्कीच ठाऊक होतं. तसं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग त्या तुकड्याचं काय झालं? त्या प्रश्नाला मी भ्याले. लग्न झालं. मी जेवून आले.

वच्छीच्या पुण्यानुमोदनाला गेले, तेव्हा सुमननं दीड वर्षांची लेक माझ्या मांडीवर दिली. मी तिचा चिमुकला हात हातात घेतला... मनगट कुठंही वळत होतं. छातीवरून तळवा फिरवला, तर मधलं हाड पुढं आलेलं लागलं. सुमनचं लक्ष नव्हतं. ती वच्छीची पत्र्याची पेटी ओढत घेऊन आली. शेवटच्या वर्षभरात वच्छीनं भाचीसाठी सुईदोऱ्यानं फ्रॉक शिवले होते, तसल्या मनगटांनी, टाके वाकडेतिकडे. सगळे वाढत्या अंगाचे. घेराला चार-चार बोटं कापड आत दुमडलेलं.

"वच्छीबाई म्हणे, पोरगी वाढली का एक एक घडी उसवजो," सुमन म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

ती त्या घड्यांवरून बोट फिरवत होती. त्या उसवायची वेळ बहुधा येणार नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"बस जराशी," मी म्हटलं. "वच्छीले जे सांगाचं राह्यलं, थे तुले सांगतो."

तिनं फ्रॉक बाजूला ठेवला नाही. मांडीवर धरूनच तिनं सगळं ऐकलं.