ओकने नको म्हटलेला सेट

विनायक ओक गेल्याचा फोन आला तेव्हा पलीकडच्या माणसाला मी दोनदा विचारलं, "कोण बोलतंय?" मग तो ठेवून बदलापूरला त्याच्या घरी स्वतः फोन लावला. सुधावहिनींनी उचलला आणि म्हणाल्या, "भावजी, लगेच या." तेव्हा खात्री पटली. माझ्या जागी ओक असता तर त्यानेही हेच केलं असतं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि इतक्या वर्षांच्या सहवासात त्याने मलाही बिघडवलं होतं.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तो फोर्ज शॉपचा मॅनेजर, मी खरेदी खात्यात. तापलेलं लोखंड घणाखाली घडताना बघण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे घडीव काय आणि साच्यात ओतलेलं काय, हे त्याला कानाने कळायचं. निदान तसा त्याचा दावा होता. नारळ, मडकं, कपाटाचं दार, सगळं तो वाजवून बघायचा. वहिनी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा यांनी कपबशीसुद्धा वाजवून पाहिली होती." कंपनीच्या वसाहतीमागच्या माळावर अधिकाऱ्यांसाठी नऊ होलचं गोल्फचं मैदान केलेलं होतं. उन्हाळ्यात तिथे गवतापेक्षा धूळच जास्त. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे असायचो. खेळात दोघेही मध्यम. हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, सोळा-सतराच्या खाली कधी आला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका दुकानात मला फोर्ज्ड आयर्नचा, म्हणजे घडीव लोखंडी पात्यांच्या गोल्फच्या काठ्यांचा, सेट दिसला. पातळ ब्लेड, मागून सपाट, तोंड दिसेल इतकी चकाकी. बघताक्षणी जीव जडला. पण कॅम्प दोनमधला माल म्हटल्यावर ओकला बरोबर नेणं भाग होतं.

"साहब, ओरिजनल है, जहाज से आया है," सिंधी दुकानदार म्हणाला.

"कौन सा जहाज? उल्हास नदी में चलता है वो?" ओकने विचारलं. सात नंबरचा आयर्न दोन बोटांत लोंबकळत धरून त्याने पात्यावर टिचकी मारली, कान लावला, परत मारली. मागच्या बाजूला दुकानदाराने खुणेसाठी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, तोही नखाने अर्धा खरवडून बघितला. बराच वेळ तो सात नंबर त्याच्या हातातून सुटेना. बाहेर आल्यावर म्हणाला, "माल अस्सल आहे. पण तू घेऊ नकोस."

"का?"

"हे रोज मधोमध मारणाऱ्याचं हत्यार आहे. अंगठ्याएवढं चुकलं की चेंडू पुढेच जात नाही, आणि मनगटाला झिणझिण्या. तू मागून पोकळ, तळाला रुंद असलेला घे. कडेला वजन असतं, चुकलेला फटका सांभाळून घेतो. फोर्ज्डमध्ये तोही मिळतो."

मी मुकाट परत आलो. पंधरवड्याने राहवेना, म्हणून एकटाच गेलो, तर सेट विकला गेलेला. कोणी नेला? "याद नहीं साहब," असं म्हणत गिऱ्हाइकाच्या आजोबांचंही नाव लक्षात ठेवणारा तो माणूस काउंटर पुसायला लागला. तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दर रविवारी मी ओकची नजर चुकवून त्याच्या बॅगेत डोकवायचो. आत तोच जुना ओतीव सेट.

"काय शोधतोस रे?"

"चेंडूखाली रोवायची टी संपलीय."

"तुझ्या खिशात बघ."

पुढे मी त्याने सांगितला तसाच मागून पोकळ सेट घेतला. माझा खेळ सुधारला, ओकला हरवलंही काही वेळा. पण याने स्वतःसाठी तर मला बाजूला सारलं नाही ना, हा प्रश्न काही सुटला नाही. मैत्री घट्ट होती, पण घासाघासाला लागणारा एक खडा तिच्यात राहिलाच.

तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी बोलावलं. पलंगाखालून त्यांनी चादरीत गुंडाळलेली बॅग ओढून काढली. मी सात नंबर उपसला. मागे लाल ठिपका, अर्धा खरवडलेला. खरं सांगतो, दुःखाच्या आधी राग आला. लबाडा, घेतलासच ना शेवटी...

मग पातं उजेडात धरलं. चकाकी उडून तपकिरी डाग पडला होता, पण मधोमध नव्हे; दांड्याजवळ, टाचेकडे. आठ नंबर काढला, तिथेही टाचेकडे. पाच, सहा, नऊ... सगळीकडे तेच. इतकी वर्षं मारून एकाही पात्याचा मध्य झिजला नव्हता.

"शनिवारी ड्यूटी सुटली की एकटेच माळावर जायचे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही येणार असलात की मला सांगायचे, बॅग आत सरकव. मी एकदा म्हटलं, भावजींना दाखवत का नाही? तर म्हणाले, आधी मधोमध बसू दे. नाहीतर तो जन्मभर हसेल."

माझा संशय खरा होता आणि त्याचा सल्लाही खरा होता. वहिनींसमोर मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. हसलो असतो रे ओक, पण तुझ्यासमोर बसून हसलो असतो.

वहिनी सगळाच सेट देत होत्या. मी फक्त सात नंबर आणला. तो आमच्या दाराआड उभा असतो. रविवारी माळावर नेतो, माझा सेट बाजूला ठेवून चार चेंडू त्याने मारतो, मनगटाला झिणझिण्या येतात. घरी येऊन पुसायला घेतलं की पात्यावर चेंडूचा पांढरा ठसा दिसतो. टाचेकडे, नेमका ओकच्या डागावर.