पाणकोंबडी चालते तिथे

सकाळी सहा दहाला आमचा फ्लड रिलीफ कॉलम वडनेरच्या अलीकडे, डांबरी रस्ता पाण्यात शिरत होता तिथे थांबला. मी तेव्हा लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये नाईक होतो आणि कॉलममध्ये वर्धा जिल्ह्याचा एकटाच. माझं गाव समुद्रपूर तालुक्यातलं. त्यामुळे सुभेदारसाहेब प्रत्येक गोष्ट मलाच विचारायचे आणि मी प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायचो, येत नसलेलंही.

दुपारी दोनपर्यंत चार फेऱ्या झाल्या. रबरी बोटीच्या इंजिनवर लान्स नाईक बलबीर होता, हरियाणाचा. आठ वर्षं आम्ही एकाच बॅरकमध्ये काढली होती. नागपूरकडचा म्हणून तो मला 'संतरे' म्हणायचा. आमच्याकडे कापूस पिकतो हे सांगून मी थकलो होतो.

पाचवी फेरी शाळेच्या छतावर अडकलेल्या पाच जणांसाठी. त्यांत एक बाई, वैशाली. नऊ महिने भरलेले, कळा सुरू. तिचे सासरे नामदेवकाका, जन्मभर मासेमारी केलेले ढीवर. जादा लाइफ जॅकेट चारच होती. बलबीरने स्वतःचं काढून वैशालीला घातलं.

मी वायरलेसवर कळवलं, "पाच सिव्हिलियन, एक डिलिव्हरी केस. अॅम्ब्युलन्स तयार ठेवा. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"वीस मिनिटं. आउट."

अर्ध्या वाटेत पंखा जलकुंभीत गुंतला आणि इंजिन बंद पडलं. कुठल्याशा तलावातून वाहून आलेली ती हिरवी चादर बाभळींना अडकून बसली होती. प्रवाह आम्हाला त्याच बाभळींकडे नेत होता. एक काटा लागला असता तरी बोट फुस्स झाली असती.

"संतरे, नीचे ज़मीन है?" बलबीरने विचारलं.

दहा हातांवर दोन पाणकोंबड्या चालत होत्या. लाल चोच, शेपटी उडवत, निवांत. हा पक्षी मी लहानपणापासून शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर पाहिलेला. चालतोय त्या अर्थी खाली बांध असणार, असं मी ठरवून टाकलं.

"है. घुटने तक."

"नोको उतरू बा! खाली डोह हाये!" नामदेवकाका ओरडले. बलबीर तोवर उतरला होता.

तो गळ्यापर्यंत गेला. एका हाताने बाभळीची फांदी धरून त्याने दोन्ही पायांनी बोट मागे रेटली. बोट सुटली आणि फांदी मोडली. मी दोर फेकला, पण धरायला वर कोणी नव्हतं.

"पाणकोंबडी जलकुंभीवर चालते, बापू," काका म्हणाले. "तिच्या लांब बोटाईले जमीन लागत नाई. तुले मालूम नोयतं?"

मी वायरलेसवर दुसरी बोट मागवली. चाकूने पंखा मोकळा केला. वैशालीला घेऊन निघालो. बलबीरला मागे टाकून बोटीचं तेवढं एक वळण घेणं मला आयुष्यात सगळ्यात जड गेलं.

संध्याकाळी तिला मुलगी झाली. बलबीर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

त्याच्या गावी मी गेलो आणि त्याच्या वडिलांना सरळ सांगितलं, जमीन आहे असं मीच म्हणालो होतो. त्यांनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली.

"वो पाँचों बच गए?"

"जी. छह हो गए."

"तो तूने गलत देखा था, झूठ नहीं बोला था। अब सही देखना सिखा, बेटा।"

रिटायर झाल्यावर मी गावात पूरपथक उभं केलं. वीस जण, निम्म्या बाया. मी भयंकर कडक आहे, असं त्या तोंडावर सांगतात आणि ते खरं आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या दोन बोटी तीन वेळा पुरात उतरल्या आणि सगळ्यांना घेऊन परत आल्या.

सराव गावच्या तलावावर होतो. जलकुंभीवर पाणकोंबड्या पिल्लं घेऊन ऐटीत फिरत असतात. त्यांच्याकडे बघून कोणी पाय टाकायचा नाही. आधी बांबू टाकायचा. तो तळाला टेकला की टाकणारा मोठ्याने एकच शब्द ओरडतो आणि तो ऐकूनच बाकीचे उतरतात. खाली जमीन आहे याची आमच्यातली ती खूण.

"बलबीर!"