आईचा डावा इअरबड

गेल्या रविवारी बंगळुरूतल्या माझ्या एचएसआरच्या घरून आईकडे गेले, तर चहाच्या आधीच तिने हातात इअरबड्सची डबी ठेवली. "डावा पहिल्यापासून मुकाच आहे. बघ गं स्वल्प, जरासं."

इअरबड्स आणि फोन, दोन्ही अण्णांचे... म्हणजे माझ्या वडिलांचे. उन्हाळ्यात ते गेले, तेव्हापासून आई रोज सकाळी त्यांच्याच फोनवर भजनं ऐकते. नवीन घेऊ या असं मी म्हटलं मात्र, तिचा चेहरा एवढासा झाला. मग मी गुपचूप कामाला लागले.

आयटीतली मुलगी म्हणून घरात माझा भाव जरा जास्तच आहे, त्यामुळे हरून चालणार नव्हतं. जुन्या टूथब्रशने जाळी साफ केली, चार्जिंगच्या पिना पुसल्या, रिसेट केलं, ब्लूटूथवरून काढून परत जोडलं... डावा ढिम्म. शेवटी माझ्या फोनला जोडून पाहिलं, तर दोन्ही बाजू खणखणीत!

म्हणजे दोष फोनमध्ये. शोधत शोधत, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतात त्या सेटिंग्जमध्ये पोचले. तिथे आवाजाचा बॅलन्स पूर्ण उजवीकडे सरकवलेला. तिथे चुकून कुणी जात नाही...

आईला विचारलं, "अण्णांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं का गं?" तिने फोन हातात घेऊन स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "तरीच सारखं उजवीकडे बस म्हणायचे."

बस असो, लग्नाचा हॉल असो, पार्कातला बाक असो... "अगं, पूजेला बायको उजवीकडेच बसते" म्हणत अण्णा तिला उठवून जागा बदलायला लावायचे. आनेकलच्या बसमध्ये कसली आली पूजा, म्हणून ती चिडायची आणि आम्ही मुलं हसायचो. कान गेलाय हे सांगायचं सोडून या माणसाने शास्त्र पुढे केलं! अण्णाच ते.

मी बॅलन्स मध्यावर आणला. भजन दोन्हीकडून ऐकू यायला लागलं... आणि आईने दोन्ही इअरबड्स काढून मांडीवर ठेवले.

"झोपतानाही मी उजवीकडेच असायचे. माझ्याकडे तोंड करून, उजव्या कुशीवर झोपायचे ते. म्हणजे चांगला कान उशीत... मी आपली दिवसभराचं सगळं सांगत बसायचे, ते नुसतं हं हं करायचे. काय गेलं असेल गं त्यांच्या कानावर?"

मला रडूच आलं. आईने केलेला चहा तसाच गार झाला.

घरी परतताना बसमध्ये एकदम सुचलं, आणि तिथूनच आईला फोन लावला. म्हटलं, आई, नीट ऐकू यायला अण्णांना फक्त कूस बदलायची होती गं... पण मग तुझ्याकडे पाठ झाली असती. ती त्यांनी कधीच केली नाही.