हरिपूरचं पाणी

पाचगणीला जायचं ठरलं तेव्हा आकारामनं एवढंच विचारलं, "तिथनं नदी दिसंल का?"

"दिसंल की," रंगूबाई म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. पण पोरगं निमूट गाडीत बसावं म्हणून त्या घटकेला तिनं काहीही कबूल केलं असतं.

आकाराम तिचा धाकटा. थोरला जोतिबा पलटणीत. लढाई चालू होती तोवर तिचा सगळा जीव थोरल्याकडं लागलेला. तारवाला गल्लीत शिरला की ती दार लोटून घ्यायची. जोतिबा इटलीतून धडधाकट परत आला. आणि घरात बसून चित्रं काढणारा, ज्याची तिनं कधी काळजी केली नव्हती, तो त्याच पावसाळ्यात खोकायला लागला. दिवाळीच्या सुमारास रुमालावर रक्त दिसलं.

हरिपूरला त्यांचं घर संगमाजवळ, वारणा कृष्णेला मिळते तिथं. आकाराम लहान होता तेव्हा घाटाच्या पायरीवर ओल्या बोटानं नदी काढायचा. उन्हानं ती वाळून जायची, हा पुन्हा काढायचा. पुढं चित्रकला शिकायला मुंबईला गेला. पहिल्या सुट्टीत घरी आल्यावर बापानं विचारलं, "समुद्र कसा हाय रं?"

"लय मोठा हाय. पर पल्याडचा काठच दिसत न्हाई. काढायचं काय?"

शिक्षण संपवून तो सांगलीच्या एका शाळेत ड्रॉइंगमास्तर झाला. शाळा सुटली की सायकल हरिपूरच्या रस्त्याला लागायची आणि अंधार पडेपर्यंत मास्तर घाटावर. नदी तीच, काठ तोच, चित्र मात्र रोज नवं. नावाडी ज्ञानू त्याला चिडवायचा, "मास्तर, एकदा माझी म्हस काढा की. ती बी दिवसभर नदीतच असती."

"म्हस हलती रं."

"आणि नदी काय बसून असती व्हय?"

त्याच्या दोन खोडी सगळ्या गावाला ठाऊक होत्या. रंग कालवायला तो संगमाचंच पाणी घ्यायचा, आडाचं चालायचं नाही. आणि ब्रशाला टोक यावं म्हणून तो दर खेपेला ओठांत धरायचा. रंगूबाई कुरकुरायची, पण तेव्हा त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

वाठारपर्यंत रेल्वे, तिथून मोटार, अशी मायलेकरं पाचगणीला पोचली. अख्तरबी नावाच्या विधवा बाईनं आपल्या घरामागची खोली दिली. रोग कळल्यावरही तिनं नाही म्हटलं नाही. तिचा नवरा त्याच दुखण्यानं गेला होता. डॉक्टर दर आठवड्याला येत. "पडून राहू दे. दूध, अंडी, कोरडी हवा. आणि पाणी उकळून, गाळून, थेंबभरसुद्धा कच्चं नको. विलायतेत नवीन औषध निघालंय म्हणतात. इकडं कधी येईल, सांगता येत नाही." रंगूबाईला त्यातलं पाण्याचं तेवढं धरून ठेवता आलं. तिच्या हातातलं तेवढंच होतं.

खोलीच्या मागून दरी दिसायची. तळाशी, वाईकडं, उन्हात चकाकणारी एक बारीक रेघ होती. तिनं आकारामला दारात आणून बसवलं.

"बघ, हीच कृष्णा. मी म्हटलं न्हवतं?"

त्यानं बराच वेळ बघितलं. "हीच की. पर इथं लहान हाय, अजून शाळंत बी गेली न्हाई, आये. मला काय वळखणार ती?"

कागद आणले होते, रंग होते, पण तो हात लावीना. पडून राहायचा, छताकडं बघायचा, पुढं आलेलं जेवण तसंच सारायचा. वजन उतरत गेलं. शेवटी जोतिबा भेटीला आला तेव्हा आकारामनं त्याच्याकडं संगमाचं पाणी मागितलं. पुढच्या खेपेला जोतिबानं पलटणीतली पाण्याची बाटली हरिपुरात भरली आणि खांद्याला अडकवून आणली.

"इथनं वाहत जातंय तेच पाणी मी रेल्वेनं उलटं वर आणलं," तो आईला म्हणाला. "पलटणीत सांगितलं तर माझा पट्टा काढून घेतील."

आकाराम हसला. कितीतरी दिवसांनी. म्हणाला, "उद्या बसतो."

तो झोपल्यावर रंगूबाईनं बाटली हलवून बघितली. गढूळ. त्यात ब्रश बुडणार आणि तोच ब्रश ओठांत जाणार. डॉक्टरांचे शब्द तिला आठवले. तिनं ते पाणी पातेल्यात खळखळ उकळलं, लुगड्याच्या दुहेरी पदरातून दोनदा गाळलं आणि निवल्यावर पुन्हा बाटलीत भरलं. पदरावर उरलेला करडा गाळ अंगणात झटकला. नदी तीच, नुसती स्वच्छ केलेली, असं तिला मनापासून वाटलं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेही तिच्या मनात आलं नाही.

सकाळी आकाराम उशीला टेकून बसला. कागद ओला केला, निळा कालवला, एक लांब हात फिरवला आणि वाळायची वाट बघितली. मग कागद तिरपा धरून उजेडाकडं नेला. संगमाच्या पाण्यातली माती बारीक. रंग वाळला की तिची कणी कागदावर बसून राहायची, आणि त्याच्या चित्रातलं पाणी त्या कणीनंच जड दिसायचं. आज कागद गुळगुळीत होता.

"आये, पाण्याला काय केलंस?"

"उकळलं. तुझ्यासाठीच की."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ब्रश पुसला, पेटी मिटली आणि भिंतीकडं तोंड केलं. दुपारी जेवला नाही. रात्रीही नाही.

चार दिवस ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली. अख्तरबी दाराशी येऊन बसली.

"द्या त्याला हवं ते, बाई."

"आन काय झालं म्हंजे?"

अख्तरबी म्हणाली, "मी माझ्या माणसाला विडी ओढू दिली न्हवती. डॉक्टरचं ऐकलं सगळं." मग उठून आपल्या कामाला गेली.

रंगूबाईनं जोतिबाला निरोप धाडला. तो पुन्हा हरिपूरला गेला, पुन्हा बाटली आणली. तिनं ती हातात घेतली. चूल पेटलेली होती, पातेलं शेजारीच होतं. तिनं बूच काढलं, वाटीत पाणी ओतलं, तळचा गाळसुद्धा हलवून त्यात घेतला आणि वाटी आकारामच्या हाताशी नेऊन ठेवली.

तो उठून बसला. निळ्याचा हात फिरवला, वाळू दिला, कागद उजेडाकडं नेला.

"आली बघ," तो म्हणाला.

त्यानं पलीकडचा काठ काढायला घेतला. काठावरच्या झाडांसाठी बारीक टोक लागतं. त्यानं ब्रश वाटीत बुडवला, झटकला आणि ओठांकडं नेला. रंगूबाईचा हात आपोआप पुढं झाला. तो तिनं तसाच मागं घेऊन पदरात धरला.

"कालवण गरम कर, आये," वर न बघता तो म्हणाला. "भूक लागली."

ती चुलीशी गेली. पाठीमागं तो खोकला, थांबला. मग वाटीत ब्रश हलवल्याचा आवाज आला.