सलीमचं तिसरं कडवं

अमावास्येला मुद्दाम नवी गाडी घरी आणली म्हणून आईने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. सांगायचा मुद्दा, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. खालचं वाचून हसू आलं तर हसा, मीही हसलो असतो...

नगरच्या एका रॉक बँडमध्ये मी नऊ वर्षं गायलो. गाणी मी लिहायचो, पण प्रत्येक गाण्याखाली बँडचंच नाव, म्हणून वैतागून बाहेर पडलो. गिटारवाला सलीम, शाळेपासूनचा दोस्त, समजवायला घरी आला. कडाक्याचं भांडण झालं. तो गेला तो गेलाच.

मग पहिला सोलो अल्बम केला. सात गाणी — शब्द, चाल, आवाज, सगळं माझं. सातवं त्या भांडणावरच: ‘उंबरा ओलांडून गेला सलीम, मागं पाहिलं नाही’. दोनच कडवी, तिसरं काही केल्या सुचेना. खोलीत एकट्याने रेकॉर्ड केलं, कुणालाही ऐकवलं नाही.

रिलीजच्या चार दिवस आधी कव्हरच्या फोटोसाठी आत्याच्या गावी गेलो, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. भरदुपार. भाताची आवणी चालली होती. आत्या आणि दहा-बारा बायका चिखलात वाकून रोपं लावत गात होत्या. चाल माझी... शब्द माझे... सलीमसकट. दोन कडवी संपली, पण त्या थांबल्या नाहीत.

‘मागं बघितलं सलीमनं, दार लागलं हुतं बाई.’

आत्याला विचारलं, हे गाणं कुठलं?

‘आवनीचं हाय. आमी पोरी हुतो तवापासून म्हनतोय.’

‘आणि सलीम कोण?’

‘गान्यातला हाय. आपल्याला काय ठावं?’

लहानपणी कानावर पडलं असेल म्हणावं, तर भांडण गेल्या हिवाळ्यातलं आहे. बांधावरूनच सलीमला फोन लावला, आठ महिन्यांनी.

‘त्या दिवशी जाताना मागे पाहिलं होतंस का रे?’



‘पाहिलं होतं. तू दार लावून घेतलं होतंस.’

मला रडू आलं, लपवत नाही. अल्बम सध्या थांबवलाय. सातव्या गाण्याखाली नाव कुणाचं लिहू, तेच कळत नाही.

निघताना आत्याला विचारलं, ‘अजून कडवं आहे का गं?’

‘हाय की. पर ते कापनीला म्हनत्यात. आत्ता न्हाई.’

खूप विनवलं, पण ती बधली नाही. कापणी दिवाळीच्या आसपास. सलीम म्हणतोय, दोघं मिळून जाऊ. मी हो म्हणालोय... पण खरं सांगू? ते कडवं ऐकायची मला भीती वाटते.