हिंदुरावांचं पित्र

मैनाबाईंनी बापाचं तोंड पाहिलंच नाही. त्या पोटात असताना, दुसऱ्या महायुद्धात, हिंदुराव पलटणीबरोबर इटलीत गेले आणि तिकडे एका नदीपाशी बेपत्ता झाले. तार आली तेव्हा खराडीच्या बायका मैनाबाईंच्या आईचं, चंद्रभागेचं, कुंकू पुसायला धावल्या. तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली. "बेपत्ता हाय, मेला न्हाई. जर्मनानं धरून ठेवला आसंल!"

तेच कुंकू लावून ती आणखी चाळीस वर्षं जगली आणि हिरव्या लुगड्यात गेली. अहेव मरण आलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात, तशी ही एकुलती एक लेक दरवर्षी घालते. बापाचं पित्र मात्र कधी घातलं नाही. जित्या माणसाचं कसं घालणार?

आता मैनाबाईंनीच ऐंशी ओलांडली. आपले डोळे मिटायच्या आत बापाच्या नावानं एकदा पान वाढावं, एवढाच ध्यास उरला. पण खात्रीशिवाय हात धजेना. सून उत्कर्षा नारायण पेठेतल्या श्रीधर सरांकडे जर्मन शिकलेली. त्या नदीपलीकडे तेव्हा ठाण मांडून बसलेल्या जर्मन डिव्हिजनचा इतिहास सरांनी मिळवला आणि दोघींना बोलावलं.

"त्यांच्याच माणसांनी लिहिलाय, तेव्हा शौर्याला तोटा नाही," सर म्हणाले आणि वाचून अर्थ सांगू लागले. रशियात निम्मी कापली गेलेली ती डिव्हिजन मिसरूड न फुटलेली पोरं भरून इटलीत धाडली होती. पानोपानी मेलेल्यांची नावं, गावं.

"त्यांच्याबी आया आसतील की," मैनाबाई पुटपुटल्या.

मग सरांचा आवाज उतरला. "मैनाबाई, तुमचे वडील बेपत्ता झाले त्या रात्री नदी ओलांडून आलेल्या हिंदी तुकडीतलं कोणी जिवंत हाती लागलं नाही. सकाळी सगळ्यांना तिथेच पुरलं."

"मग तिथी काढून घेऊ या," उत्कर्षा हळूच म्हणाली.

मैनाबाई हो म्हणायला गेल्या आणि थबकल्या. बाप तेव्हाच गेला, तर आई चाळीस वर्षं विधवा होती. मग नवमी कोणाची? हिरवं लुगडं कशाचं? साऱ्या गावाशी भांडून राखलेलं कुंकू आता लेकीनंच पुसायचं?

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "आन् उत्कर्षा, घरी कुनाला बोलू नगंस."

त्या भाद्रपदातही नवमीला सवाष्ण पोटभर जेवून गेली. हिंदुरावांचं पान वाढलं गेलं नाही. मैनाबाई ओट्याशी तोंड फिरवून रडत राहिल्या. इतकी वर्षं बाप उपाशी होता तो कोणाला ठाऊक नव्हतं म्हणून. या वर्षी त्यांनी त्याला जाणूनबुजून उपाशी ठेवला होता.