न ऐकलेले ठोके

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रसूतिशास्त्र होतं आणि त्या विषयात वर्गात माझा पहिला नंबर होता. बाळाचं डोकं बाहेर येताना कसकसं वळतं, हे मी कापडी बाहुली आणि कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा घेऊन मुलींना करून दाखवायचे. परीक्षेच्या आधी निम्मं हॉस्टेल माझ्या खोलीत बसलेलं असायचं. आमच्या घरात, कवठे येमाईला, कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी लहान असेपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. माझी शाळा सुरू झाल्यावर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मेंढरं विकली आणि ते कांदा करायला लागले. पोरगी नर्सची डिग्री करतीय, हे ते एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे.

या पदवीला नुसता पेपर लिहून चालत नाही. काही बाळंतपणं बघायची, काही स्वतःच्या हातानं करायची आणि प्रत्येकाची नोंद केस बुकात करून सिस्टरांची सही घ्यायची. त्यासाठी आम्हा चौघींचं पोस्टिंग दौंडच्या बाजूला एका दवाखान्यात लागलं. कॉलेज शिरूरजवळ, तिथून रोज जाऊन-येऊन जमणारं नव्हतं. मग आम्ही दौंडला रेल्वे लाइनीजवळ एक खोली घेतली. मालगाडी गेली की कपाटातली भांडी वाजायची. दोन दिवसांत सवय झाली.

लेबर रूमच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. बाळाचे ठोके ऐकायला तिथं मशीन होतं, पण विद्यार्थिनींनी आधी फीटोस्कोप वापरायचा, हा त्यांचा नियम. फीटोस्कोप म्हणजे छोट्या तुतारीसारखं धातूचं नळकांडं. रुंद तोंड पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूला कान लावायचा. त्याआधी हातानं चाचपून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं, कारण ठोके पाठीकडून नीट ऐकू येतात. मशीन बंद पडलं की काय करणार, असं त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या नाहीत. त्याच आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीला ठोके सापडेनात, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तिला तासभर तेच करायला लावलं होतं. ती खोलीवर येऊन रडली. आपल्यावर अशी वेळ यायची नाही, असं मी मनात म्हणाले होते.

त्या दिवशी माझी दुपारची ड्युटी होती. दाखल झालेली बाई पहिलटकरीण, बावीस-तेवीस वर्षांची. सासर केंदूरचं, माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. तिची आई दाराबाहेर बाकावर बसली होती. सिस्टरांनी ती केस माझ्याकडं दिली. दर अर्ध्या तासाला ठोके मोजायचे आणि तक्त्यावर आकडा लिहायचा. अडीचला मी मोजले, एकशे अडतीस. तीनला एकशे चाळीस. ती बाई माझा चेहरा बघत होती. सगळं ठीक आहे म्हणून मी मान हलवली की ती डोळे मिटून घ्यायची.

साडेतीनला मी कान लावला आणि दवाखान्यामागच्या लाइनीवरून मालगाडी निघाली. ती गेली तोवर कळ आली. कळ ओसरल्यावर पुन्हा कान लावला, तर काहीच सापडेना. बाळ खाली सरकलं असणार, जागा बदलली असणार, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी दोन ठिकाणी लावून पाहिलं. एक ठोका ऐकू आला असं वाटलं, पण तो तिच्याच नाडीचा होता. सिस्टर पडद्यापलीकडं दुसऱ्या बाळंतपणात होत्या. हाक मारली असती तर मशीन घेऊन कुणीतरी आलं असतं. मी बाईकडं बघून मान हलवली आणि तक्त्यावर एकशे चाळीस लिहिलं. चारलाही तेच झालं. या वेळी एकशे अडतीस लिहिलं, सारखाच आकडा नको म्हणून.

सव्वाचारच्या सुमाराला सिस्टर मोकळ्या होऊन आल्या. त्यांनी तक्ता वाचला, तरी स्वतः कान लावला. पूर्ण एक मिनिट त्या हलल्या नाहीत. मग मशीन आणलं. ठोके शहाण्णववर आले होते. त्यांनी बाईला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला आणि मला डॉक्टरांना बोलवायला पळवलं. सिझर करायचं ठरलं. स्ट्रेचर ढकलता ढकलता सिस्टरांनी मला विचारलं, साडेतीनचे आणि चारचे ठोके तू ऐकलेस का. मी हो म्हणाले.

मुलगी झाली. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते. रडायला तिनं वेळ लावला. मी थिएटरच्या दाराबाहेर उभी होते. रडणं ऐकू आलं तेव्हा बाईची आई माझा हात धरून उभी होती. सहाच्या सुमाराला ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. आधी एक पेढा मला भरवला. म्हणाली, "तुम्ही सारखं येऊन बघत व्हता म्हणून येळेवर कळलं. न्हाईतर काय झालं असतं."

पेढा मी तोंडात तसाच धरला. बेसिनपाशी जाऊन थुंकला, तोंड धुतलं आणि सिस्टरांच्या टेबलापाशी गेले. ते दोन आकडे मी ऐकले नव्हते, असं सांगितलं. त्या ओरडतील म्हणून मी तयार होते. त्या ओरडल्या नाहीत. तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला आणि दोन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारायला सांगितली. एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी लिही, ठोके ऐकू आले नाहीत. आत्ताची वेळ टाक, सही कर. मी तसं लिहून सही केली.

मग त्या म्हणाल्या, "ठोके न सापडणं हा गुन्हा नाही. मला आजही कधीकधी सापडत नाहीत. मग मी कुणाला तरी हाक मारते."

हे डॉक्टरांना आणि कॉलेजला कळवावं लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला शिरूरला परत पाठवलं. बाळ-बाळंतिणीला भेटू दिलं नाही. कॉलेजनं माझं सगळं पोस्टिंग रद्द केलं. पुढच्या बॅचबरोबर ते पुन्हा करायचं, म्हणजे पदवी सहा महिने लांबणार. मैत्रिणी माझी समजूत काढत होत्या की असं सगळेच करतात, तू सांगितलंस म्हणून अडकलीस. मला त्याचा राग येत होता आणि बरंही वाटत होतं.

घरी गेले तेव्हा आप्पा कांदा साठवायच्या बराखीत कांदा भरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काम न थांबवता त्यांनी ऐकलं. पदवीबद्दल काहीच विचारलं नाही.

"लेकरू कसं हाय?"

"बरं आहे."

"आन् त्याची आई?"

"तीपण बरी आहे."

पाटी रिकामी करून ते खाली बसले. "त्या बाईला तू सांगितलंस का?"

मला भेटू दिलं नाही, असं मी म्हणाले.

"तवा न्हाई दिलं. आता कोन अडवतंय?"

पुढं तीन रविवार मी काही ना काही कारण काढलं. चौथ्या रविवारी शिरूरहून दौंडची एसटी धरली. कॉलनीत क्वार्टर सापडायला त्रास झाला नाही. आईनं मला ओळखलं, हसली, आत घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं. बाळंतीण कॉटवर बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. बाळ गोधडीत झोपलं होतं आणि त्याचे गाल चांगले भरले होते.

मी बसले नाही. जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. मधेच आईनं गॅस बंद केला.

"हे सांगायला आलात?" ती म्हणाली. "आन् मी तुमाला पेढा भरवला."

बाळंतिणीनं विचारलं, "किती वेळ?"

"तास, सव्वा तास."

"तवापासून हिचे ठोके कमी व्हते?"

"माहीत नाही. मी ऐकलेच नव्हते, म्हणून कधी कमी झाले ते कुणालाच माहीत नाही."

ती बाळाकडं बघत राहिली. "तुम्ही मान हलवायचात," ती म्हणाली, "आन् मला वाटायचं, चला, ठीक हाय. पुढची कळ काढू."

माझं चुकलं एवढंच म्हणाले. आईनं दार उघडलं, मी जावं म्हणून. मी चपला घालत होते तेवढ्यात बाळ उठलं आणि बाळंतिणीनं मला थांबवलं. ही डाव्या बाजूला दूध ओढत नाही, तोंड लावते आणि रडते, काय करू, असं तिनं विचारलं. मी आईकडं पाहिलं. ती ओट्याकडं वळली. मग मी हात धुतले, बाळाला काखेखालून आडवं कसं धरायचं ते दाखवलं, पाठीमागं उशी दिली. टाक्यांवर भार येत होता म्हणून ती अवघडून बसत होती आणि बाळाचं तोंड नीट पोचत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मुलीनं धरलं. आम्ही दोघी ती दूध पिते ते बघत बसलो. आई आमच्याकडं पाठ करून भांडी लावत होती. चहा झाला नाही.

पुढच्या बॅचबरोबर मी पुन्हा त्याच लेबर रूममध्ये गेले. त्या मुली मला ताई म्हणायच्या. मी परत का आले हे त्यांना माहीत होतं, पण कुणी विचारलं नाही. पहिले आठ दिवस सिस्टर माझा प्रत्येक आकडा स्वतः पुन्हा ऐकायच्या. नवव्या दिवशी त्यांनी ते बंद केलं, तेव्हा उलट मलाच भीती वाटली आणि मीच त्यांना बोलवून आणलं. माझ्या हातचं पहिलं बाळंतपण ऊसतोडणीला आलेल्या एका बाईचं झालं. तिचं ते चौथं. मला फारसं काही करावंच लागलं नाही. कधी जोर लावायचा आणि कधी थांबायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पदवीचं सर्टिफिकेट घरी आलं तेव्हा बरोबरीच्या मुली नोकरीला लागून चुकल्या होत्या. आप्पांनी हात पुसून कागद घेतला आणि बराच वेळ बघितला. मग विचारलं, "ह्यात बाळंतपणाचं कुठं लिवलंय?"

ते वेगळं लिहीत नाहीत, नर्सिंगमध्येच येतं, असं मी सांगितलं.

"लिवाया पायजे व्हतं," ते म्हणाले आणि कागद माझ्या आईकडं दिला.